जुन्या व्हॉल्व्ह रेकॉर्ड प्लेयरचा गिटार अ‍ॅम्प : पावसाळा-हिवाळा वाजवून झाल्यावर

आधी निकाल सांगतो. फ्लॅटमध्ये, दार लावून, शेजाऱ्यांची झोप न मोडता व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायची त्या काचेच्या नळीचा) खरा आवाज हवा असेल तर जुन्या मोनो रेकॉर्ड प्लेयरमधून निघालेला हा तीन-साडेतीन वॉटचा अ‍ॅम्प मला आजवर वाजवलेल्या सगळ्या डिजिटल नक्कल करणाऱ्या, म्हणजे मॉडेलिंग अ‍ॅम्पपेक्षा जास्त आवडला. ड्रमसमोर मात्र तो टिकत नाही.

प्लेयर होता रेक्झिन मढवलेल्या पेटीतला. मोटर जाम, टोनआर्म मोडलेला, कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) गेलेलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझं याबाबत ठाम मत आहे: तबकडी वाजवू शकणारा प्लेयर कुणीही गिटारसाठी फोडू नये. चालू प्लेयर कमी होत चालले आहेत. जुन्या बाजारात मोटर मेलेले, पण अ‍ॅम्प्लिफायर शाबूत असलेले सेट पडून असतात, तेच उचलावेत.

आत व्हॉल्व्ह दोनच, ईसीएल८२ आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ईझेड८०. ईसीएल८२ म्हणजे एकाच काचेत ट्रायोड आणि पेंटोड. ट्रायोड सिग्नल साधारण पन्नासपट वाढवतो, पेंटोड स्पीकर हलवतो. व्हॉक्सचा चार वॉटचा जुना एसी४ किंवा फेंडरचा चॅम्प हे छोटे गिटार अॅम्प घ्या, तिथेही शेवटी एकच पॉवर व्हॉल्व्ह आहे, फक्त अनुक्रमे ईएल८४ आणि ६व्ही६. लिओ फेंडर स्वतः आधी रेडिओ दुरुस्त करायचा, तेव्हा ही नाती जवळची असणारच. शिवाय क्रिस्टल कार्ट्रिजला मेगओहमच्या घरातलं इनपुट लागतं आणि गिटारच्या पिकअपलाही (तारांचं कंपन पकडणाऱ्या कॉइललाही) तेच मानवतं. म्हणून हा बदल मुळात सोपा आहे.

सोपा असला तरी निरुपद्रवी नाही, आणि इथे घाई करू नका. ईसीएल८२ ऐवजी यूसीएल८२ दिसला तर सावध व्हा. त्याचा हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ५० व्होल्टचा असतो आणि अशा बऱ्याच सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसतोच, मेन्सची एक तार थेट चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला जाते. रेकॉर्ड ऐकणाऱ्याचं त्यात काही बिघडत नसे, कारण त्याचा हात फक्त प्लास्टिकच्या नॉबला लागे. गिटारच्या तारा मात्र जॅकमधून चेसिसलाच जोडल्या जातात. प्लग उलटा बसला की २३० व्होल्ट तुमच्या बोटांखाली. असा सेट मेन्सपासून वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय गिटारला लावणं म्हणजे जिवाशी खेळ. काही स्वस्त प्लेयरमध्ये तर मोटरची गुंडाळीच व्हॉल्व्हच्या हीटरचा पुरवठा सांभाळते, मोटर काढली की सगळंच बंद. माझ्या सेटला ट्रान्सफॉर्मर होता म्हणूनच मी तो घेतला. तरीही दोन तारांची वायर काढून थ्री-पिन घातली, अर्थिंग चेसिसला बोल्टने पक्कं केलं, फ्यूज टाकला आणि व्होल्टेज सिलेक्टर २४० वर नेला. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये दोनशेच्या वर व्होल्ट साठलेले असतात. रेझिस्टन्स लावून ते उतरवल्याशिवाय आत हात घालायचा नाही. सवय नसेल तर जुन्या रेडिओ मेकॅनिककडून काम करून घ्या, पैसे सत्कारणी लागतील.

बदल फार नाहीत. फिल्टरचे कंडेन्सर नवे. ट्रायोडकडून पेंटोडकडे सिग्नल नेणारा, कपलिंगचा मेण-कागदाचा कंडेन्सर तर न तपासताच फेका, तो लीक झाला की पेंटोडच्या ग्रिडवर (सिग्नल घेणाऱ्या जाळीवर) डीसी जातो आणि प्लेट लाल होते. तिथे ०.०२२ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा नवा घातला. इनपुटला ६८ किलोओहम आणि १ मेगओहमचे रेझिस्टन्स. ट्रायोडची कॅथोड मूळ सर्किटमध्ये सरळ चेसिसला होती, ग्रिडवर १० मेगओहम. तिथे दीड किलोओहमचा कॅथोड रेझिस्टन्स आणि त्याला समांतर कंडेन्सर दिला. हीटरच्या तारा पिळून कडेने नेल्या, हमिंग त्यानेच निम्मं झालं.

सगळ्यात आवडता बदल म्हणजे निगेटिव्ह फीडबॅकवरचा स्विच. स्पीकरकडून मागे येणारा हा फीडबॅक रेकॉर्डचा आवाज स्वच्छ ठेवण्यासाठी असतो. तो चालू ठेवला की टोन नेटका, गोलसर. बंद केला की आवाज वाढतो, वरच्या पट्टीतली धार उघडते आणि जोरात मारलेला कॉर्ड कडेने फाटू लागतो. सिंगल-कॉइल पिकअपवर व्हॉल्यूम पूर्ण नेल्यावर जेमतेम खरखर येते, दोन कॉइलच्या हंबकर पिकअपवर मात्र भरघोस ओव्हरड्राइव्ह. गिटारचा व्हॉल्यूम थोडा मागे घेतला की परत स्वच्छ. बोटांचा जोर इतका थेट ऐकू येतो की उजव्या हाताची बेफिकिरी लपत नाही. काही आठवड्यांनी माझं वाजवणंच बदललं, पेडल बहुतेक कपाटात गेले.

माझी खरी ओढ स्लाइडची, म्हणजे तारेवर नळी घसरवून वाजवण्याची. व्हॅन शिप्ले आणि सुनील गांगुली यांच्या गिटारवरच्या फिल्मी धुना अशाच पेट्यांवर घरोघरी ऐकल्या गेल्या. त्या धुना आता त्याच जातीच्या पेटीतून वाजवताना मींड लांबते, स्वर विरताना नुसता मंद होत नाही तर त्याचा रंग बदलत जातो. या एका गोष्टीसाठी सगळा खटाटोप पुन्हा करेन.

उणिवा आहेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मर छोटा असल्याने खालची ई तार फुल व्हॉल्यूमला चिखल होते. कॅथोडचा कंडेन्सर २२ वरून १ मायक्रोफॅरड केल्यावर बरीच सुधारली, पूर्ण नाही. मूळ टोन नॉब फक्त ट्रेबल कापतो. पेटीतला स्पीकर ठरावीक स्वरांना झणझणतो, तेव्हा बाहेर बारा इंची स्पीकर लावतो. त्यावर हाच अ‍ॅम्प दुप्पट मोठा वाटतो. स्पीकर न जोडता मात्र कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. पावसाळ्यात पॉट (नॉबमागचे फिरते रेझिस्टन्स) कुरकुरले आणि रेक्झिनवर बुरशी धरली. पॉटला कॉन्टॅक्ट क्लीनरने भागलं, पेटी दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसावी लागली.

ईसीएल८२ अजून पहिलाच आहे. बदली शोधताना ६बीएम८ हे अमेरिकी नावही विचारा, व्हॉल्व्ह तोच. आणि सेट विकत घेण्याआधी मीटरने दोनच गोष्टी पाहा: आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला काहीशे ओहम दाखवतोय ना, आणि प्लगच्या दोन्ही पिनांपासून चेसिसपर्यंत काहीही जोडलेलं नाही ना. यातली एक जरी फसली तर सेट तिथेच ठेवून पुढच्या दुकानात जा.