धोकादायक मालाच्या चालकांसाठीचा जळगावातील प्रशिक्षण वर्ग

सुरत–धुळे–जळगाव–भुसावळ महामार्गावरून रसायनांचे टँकर रात्रंदिवस धावत असल्याने आमच्या चालकांना मी जळगावातील या तीन दिवसांच्या वर्गाला पाठवले आणि स्वतःही बसलो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३६ त्यांनी फार नेमकेपणाने शिकवला: अपघात घडताच चालकाने विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात खबर द्यायची आणि गाडीमालकाला किंवा वाहतूकदारालाही कळवायचे, आधी मालकाला विचारून मग पोलिसांकडे जाणे ही आपल्याकडची रुळलेली सवय जीवघेणी ठरू शकते, हे प्रशिक्षकांनी परखडपणे सांगितले, आणि ते मला मनापासून पटले.

सर्वांत उपयोगी ठरला तो टँकरवरील माहिती फलक वाचण्याचा सराव. गंधकाम्लाच्या (सल्फ्युरिक ॲसिड) फलकावरील १८३० हा त्या रसायनाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक बोट ठेवून वाचायचा आणि फोनवर रसायनाचे नाव, हा क्रमांक, गळती कुठून होते आहे व वारा कोणत्या दिशेचा आहे एवढेच सांगायचे, असे प्रत्येकाकडून वदवून घेतले.

कारखान्यांतील मोठ्या अपघाताची ४८ तासांत द्यावयाची सूचना मात्र घाईत उरकली; माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी तो भाग सविस्तर हवा होता. छापील टिपणे इंग्रजीत आहेत, हीसुद्धा गंभीर उणीव आहे. केबिनमध्ये ठेवायचे आपत्कालीन सूचनापत्र चालकाला समजेल अशा मराठीत किंवा हिंदीत मिळायलाच हवे. तरीही खान्देशातील वाहतूकदारांनी आपले चालक येथे अवश्य पाठवावेत.