घाटात काटा चढतो: थर्मोस्टॅट ८२ डिग्रीचाच ठेवावा की ७१ चा टाकावा?

मार्च उजाडला की आमच्या साताऱ्यातल्या गॅरेजांमध्ये हा विषय हमखास निघतो. वाई सोडून पसरणी घाट चढायला लागायचं, उजवीडावीकडे वळणं घेत खाली धोमचं पाणी दिसायला लागायचं, आणि नेमका तेव्हाच इंजिनाच्या तापमानाचा काटा अर्ध्यावरून वर सरकायला लागतो. मग कुणीतरी सांगतं, "साहेब, ७१ चा टाका, गाडी बर्फावानी राहतीया." माझ्या जुन्या डिझेल जीपला मी तो टाकला. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरला आणि मग काढला. टाकायचा विचार करत असाल तर आधी हे वाचा.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे, म्हणजे पाणी गार करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या वाटेवरची झडप. त्याच्या कडेवर जो आकडा कोरलेला असतो, त्या तापमानाला तो उघडायला सुरुवात होते. आत मेण भरलेली छोटी पितळी डबी असते. मेण वितळून फुगलं की दांडी सरकते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. पूर्ण उघडायला आणखी बारा-तेरा डिग्री लागतात. म्हणजे ८२ चा पंचाण्णवच्या आसपास पूर्ण उघडतो, ७१ चा चौऱ्याऐंशीच्या आसपास. इंजिन किमान किती गरम राहावं, एवढंच थर्मोस्टॅट ठरवतो. जास्तीत जास्त किती तापेल हे रेडिएटर, पंखा आणि पाण्याचा पंप ठरवतात.

आता घाटातली जीप डोळ्यासमोर आणा. माणसं भरलेली, सेकंड गियर, मागून एसटीचा हॉर्न, पाणी शंभरच्या वर. अशा वेळी ८२ चाही पूर्ण उघडा असतो आणि ७१ चाही. दोघांतून पाणी सारखंच वाहतं. फरक इतकाच की ७१ वाली गाडी घाटाच्या पायथ्याशी थोडी थंड असते, म्हणून काटा एक-दोन वळणं उशिरा चढतो. माझ्या जीपचं अगदी तसंच झालं. पूर्वी जिथे काटा लाल पट्टीला टेकायचा, तिथून जरा पुढे जाऊन टेकायला लागला. पाचगणीच्या आधी थांबावं लागायचं ते लागलंच.

खरं दुखणं रेडिएटरमध्ये होतं. मी वर्षानुवर्षं त्यात बोअरचं पाणी ओतत आलो होतो. रेडिएटरवाल्याने वरची टाकी उघडून दाखवली तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी पिवळसर पांढऱ्या क्षाराची खपली बसलेली होती, चहाच्या जुन्या किटलीत बसते तशी. निम्म्याहून जास्त नळ्यांतून तार जात नव्हती. रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून त्या साफ करून घेतल्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं कूलंट भरलं आणि काटा अर्ध्यावर थांबायला लागला.

म्हणून कुठला थर्मोस्टॅट घ्यावा हे ठरवण्याआधी गाडी नेमकी कधी तापते ते बघा. चढावरच तापत असेल तर संशय रेडिएटर, ढिला बेल्ट आणि पंप यांच्यावर. पोवई नाक्यावर गर्दीत तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर पंखा, त्याचा स्विच किंवा व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला वेग देणारा जोड). थोड्याच अंतरात एकदम लाल होते आणि रेडिएटरचा खालचा पाइप गारच राहतो, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा तो बदलायलाच हवा, पण मूळ आकड्याचाच. काटा कधी वरच येत नसेल तर तो उघडा अडकलाय.

रेडिएटरच्या झाकणाकडे आमच्याकडे फार कमी लोक बघतात, आणि आमच्या भागात तर ते सगळ्यात आधी बघावं. उंचीवर पाणी लवकर उकळतं. महाबळेश्वर साधारण १,३७० मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी पंचाण्णव-शहाण्णव डिग्रीलाच उकळतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा (बारमध्ये) असतो, तेवढा दाब धरला तर आतलं कूलंट १२० च्या आसपासपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही. मग काटा लालच्या खाली असतानाही पाणी उकळून बाहेर पडतं आणि दोष थर्मोस्टॅटला जातो. झाकण ही स्वस्तातली वस्तू आहे, आधी तेच बदला. गरम असताना मात्र उघडू नका.

७१ चा तोटा मला हिवाळ्यात कळला. पहाटे मेढ्याकडे जाताना काटा पाव भागाच्या वर येईना, पांढरा धूर बराच वेळ निघायचा, डिझेल जास्त लागायचं. इंजिन थंड चाललं की ऑइलमध्ये आलेली पाण्याची वाफ उडून जात नाही, ऑइल चिकट मळकट होतं आणि सिलिंडरची झीज वाढते. त्याहून मोठी अडचण पावसाळ्यात आली. महाबळेश्वरच्या धुक्यात पुढची काच आतून धूसर होते, ती साफ करायला हीटरची गरम हवा लागते. ती कोमटच येत होती. दरीच्या कडेला काच पुसत गाडी चालवणं मला मुळीच मंजूर नाही.

नवी गाडी असेल तर विचारच सोडा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पाण्याचं तापमान बघून इंधन ठरवतो. पाणी अपेक्षेइतकं तापलं नाही तर इंजिन अजून थंडच आहे असं तो धरून चालतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो, बहुधा पी०१२८ हा बिघाडाचा कोड घेऊन. डिझेलमध्ये डीपीएफ या धुराच्या गाळणीतली काजळी जाळायला इंजिन नीट गरम असावं लागतं, तिथेही अडतं. वॉरंटीचा वाद वेगळाच.

मग ७१-७४ चा कुणासाठी? ज्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्येच तो दिलाय त्यासाठी. बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या जुन्या ए-सिरीज इंजिनाला उष्ण प्रदेशासाठी ७४, नेहमीसाठी ८२ आणि थंड मुलखासाठी ८८ असे पर्याय होते. साध्या डिझेल पंपाचं जुनं इंजिन असेल, बारमाही सपाट रस्त्यावर ओझं ओढत असेल, तर ७६ चालून जाईल. आमच्या घाटांत मी तोही घालणार नाही.

तिसरा पर्याय म्हणजे थर्मोस्टॅट काढूनच टाकणं. तो नकोच. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटचीच खालची चकती बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परत जाणारा, रस्ता बंद करते. ती गेली की गरम पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. उतारावर मात्र नको तितकी गार पडते.

जुना थर्मोस्टॅट घरी तपासता येतो. पातेल्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. ८२ चा असेल तर त्याच्या आसपास झडपेची फट दिसायला लागते, पुढे ती सात-आठ मिलिमीटर होते. ८८ चा असेल तर साताऱ्यात पाणीच साडेसत्याण्णवच्या सुमारास उकळतं, त्यामुळे तो पूर्ण उघडलेला दिसणार नाही. तो खराब समजून फेकू नका.

माझ्या जीपमध्ये आता ८२ चाच आहे. बसवताना नवं गॅस्केट घ्या, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवा, आणि हवा निघायची छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला येऊ द्या. गार इंजिनावर झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा. वरचा पाइप हाताला एकदम गरम लागला की झडप उघडली. तेव्हा हवेचे बुडबुडे येतात आणि पातळी खाली जाते. तेवढं कूलंट भरून झाकण लावा.