‘कम्फर्ट किट’च्या आधी स्प्रिंग खरवडून बघा

लोअर केलेल्या, म्हणजे उंची कमी करून खाली बसवलेल्या गाडीचं सस्पेन्शन मऊ करून देतो म्हणून नागपूरच्या एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून २८ हजार रुपये घेतले. गाडीत नवीन काय आलं? रबराचे काही तुकडे आणि काळ्या स्प्रेचा एक थर. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. पण त्याने काय काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण यातलं काहीही गाडी ताब्यात घेताना कळत नाही.

गाडी धाकट्या भावाची, २०१९ ची स्विफ्ट. पुण्यात नोकरीला असताना त्याने हौसेने ती दीड इंच खाली बसवली. लाल रंगाच्या आखूड स्प्रिंगा, १७ इंची रिम, २०५/४५ चे टायर (२०५ मिलिमीटर रुंद, भिंत रुंदीच्या ४५ टक्के). तिकडे शोभत असेल. तो परदेशी गेला आणि गाडी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. मला रोज यवतमाळला जावं लागतं. काळ्या मातीवरचा रस्ता कसा असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको: माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते, आणि वरचं डांबर दोन-चार पावसाळ्यांत लाटा धरतं. त्यात प्रत्येक गावाच्या तोंडाशी लोकांनी स्वतःच घातलेले गतिरोधक. इंजिनाखालचा चेंबर घासायचा, आणि मागे बसलेले बाबा प्रत्येक आदळीला ‘आई गं’ म्हणायचे. त्यांच्या मणक्यात गॅप आहे.

अशी गाडी कडक का होते हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढची लबाडी कळेल. स्प्रिंग आखूड केली की चाकाला वर सरकायला जागा कमी उरते. तेवढ्या जागेत गाडी खाली टेकू नये म्हणून आखूड स्प्रिंग कडक बनवावी लागते. तरीही मोठ्या खड्ड्यात शॉकअपच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) दांड्यावरचा रबरी बंप स्टॉप लवकर लागतो. पाठीत बसणारा धक्का बहुतेक वेळा त्याचाच. शिवाय टायर. २०५/४५ च्या टायरची रबराची भिंत साधारण ९२ मिलिमीटर. कंपनीच्या वरच्या मॉडेलला येणाऱ्या १८५/६५ ची १२०. म्हणजे झटका गिळणारं रबरच पाऊण राहिलं. इलाज साधा आहे: कंपनीच्या मापाच्या स्प्रिंगा, त्यांना जुळणारे चांगले शॉकअप, आणि १५ इंची रिमवर जाड टायर. यात विकायला चमकदार असं काही नाही, हीच गॅरेजवाल्याची अडचण.

कारण कंपनीच्या मूळ स्प्रिंगा आमच्या घरातच होत्या. भावाने त्या जपून ठेवल्या होत्या, गोठ्याच्या माळ्यावर. मी त्या डिकीत टाकून नागपूरला नेल्या. गॅरेजवाल्याने एक उचलून पाहिली, तोंड वाकडं केलं. “ह्या बसल्या भाऊ. काही कामाच्या नाही. आन् ह्या लावल्या त आरटीओत गाडी पुन्हा पास करा लागते. कायले झंझट पाहता? कम्फर्ट किट टाकून देतो, गाडी मख्खन होऊन जाईन.” किटमध्ये चार नवीन गॅस शॉकअप, चार सॉफ्ट स्प्रिंगा आणि वरची माउंटिंग. स्प्रिंगा तिथेच ठेवून घेतल्या, “भंगारात टाकतो” म्हणून.

दोन्ही वाक्यं खोटी. स्प्रिंग तुटलेली नसेल आणि गंजून तिला खोल खड्डे पडले नसतील, तर ती पुन्हा लावता येते. आमच्या तर भावाने गाडी नवी असतानाच काढलेल्या. आरटीओचं तर नेमकं उलटं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी बदलू नका; २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची, किंवा दोन्हींची तरतूद आली. अडचण खाली बसवलेल्या गाडीला आहे, मूळ उंचीवर आणलेल्या नव्हे.

संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा ती खरंच थोडी उंच दिसत होती. त्याने मला शेजारी बसवून वर्धा रोडवर फिरवलं. मऊ वाटली. पैसे दिले, कच्चं बिल घेतलं (पक्कं मागितलं तर “मंग जीएसटी लागन ना भाऊ”), आणि नागपूर-तुळजापूर महामार्गाने यवतमाळपर्यंत मजेत आलो. गावाकडे वळल्यावर पहिल्या मोठ्या खड्ड्यात असा आवाज झाला की मी खाली उतरून पाहिलं. लोखंडावर लोखंड. नंतर तुरीची दोन पोती आणि बाबा मागे असताना तर रोजच.

आधी हवावाल्याकडे एक उलगडा झाला. चारही टायरांत दारावरच्या स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा दहा-बारा पॉइंट हवा कमी. हवा सोडली की बारीक खडबड जाणवत नाही, चाचणीत गाडी मऊ वाटते. इतक्या पातळ टायरात कमी हवा घेऊन खड्ड्यात गेलं तर रिम वाकते. माझी एक वाकलीच.

बाकीचं दारव्ह्याच्या मिस्त्रीने उघड केलं. त्याने चाक काढलं आणि स्प्रिंगवर किल्ली घासली. काळ्या रंगाखालून लाल निघाला. “भाऊ, हे त तुमचीच हाये. नुसतं काळं मारलं वरून.” वेटोळ्यांमध्ये जाड रबरी बफर कोंबले होते. त्याने गाडी बोटभर उचलली जाते, म्हणून स्प्रिंग बदलल्यासारखी दिसते. पण तेवढी वेटोळी दबणं बंद होतं आणि स्प्रिंग आधीपेक्षा कडक होते. मऊ करायला नेलेल्या गाडीत कडक करायची वस्तू! शॉकअपही जुनेच, रंगवलेले. रंगाखाली तेलाचा ओघळ बोटाला लागत होता. आणि सगळ्यात घातक म्हणजे धूळरोधक रबर वर सारल्यावर दिसलं की बंप स्टॉप अर्ध्यावर कापलेत. रिकाम्या गाडीत धक्का उशिरा लागतो म्हणून बरं वाटतं. वजन भरलं की शॉकअप आतल्या आत आपटतो आणि काही महिन्यांत बाद होतो.

मिस्त्रीला मी चाकाशिवाय काही खोलू दिलं नाही, आधी प्रत्येक गोष्टीचे फोटो आणि किल्ली घासतानाचा व्हिडिओ काढला. तुमच्यावर ही वेळ आली तर हाच क्रम ठेवा. एकदा खोलल्यावर समोरचा म्हणतो, तुमच्याच मिस्त्रीने बदललं.

काम करून घेताना नव्या मालाचे खोके समोर फोडायला लावा आणि जुना माल गाडीत घालून घरी आणा, भंगाराच्या भावाने का होईना. उंची बदलली की व्हील अलाइनमेंट करावीच लागते. “गरज नाही” म्हणणाऱ्याने बहुधा काही बदललेलं नसतं. शॉकअप तपासायला बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी युक्ती कडक स्प्रिंगेच्या गाडीत फसवी ठरते, तिच्यावर विसंबू नका. आणि चाचणी तुमच्या रस्त्यावर, घरची माणसं बसवून. नागपूरहून गाव लांब पडत असेल तर निदान एखादा बेडकुळ्या आलेला रस्ता शोधा.

आता गाडीत कंपनीच्या नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप आणि १८५/६५ चे टायर आहेत. बाबा पुढच्या सीटवर बसतात आणि पिकांवर बोलतात, रस्त्यावर नाही.

गॅरेजवाल्याने फोनवर “पुन्हा घेऊन या, फुकट करून देतो” म्हटलं; पैसे परत म्हटल्यावर फोन उचलणं बंद. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्याने दाद दिली नाही. मग जिल्हा ग्राहक आयोग. यासाठी नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून माझी यवतमाळला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि किटमध्ये काय काय येणार हे सांगणारा त्याचा व्हॉट्सॲपवरचा आवाज लावला आहे.

त्याने लेखी म्हणणं दिलंय की मूळ स्प्रिंगा मी त्याच्याकडे नेल्याच नव्हत्या. पण त्या दिवशी “ह्याच ना रे?” असं विचारायला मी भावाला त्याच्या काउंटरवरून फोटो पाठवला होता. चारही स्प्रिंगा, मागे त्याच्या दुकानाची पाटी, वर तारीख. पुढच्या तारखेला तो फोटो मी दाखल करतोय.