वॉटर्लू की आस्पर्न? नेपोलियनसाठी एकच दिवस असेल तर

युरोप ट्रिपमध्ये एक दिवस मोकळा आहे, ब्रसेल्सहून वॉटर्लूचं रणांगण करू की व्हिएन्नाला आस्पर्नचं बघू, असं हल्ली दोघा-तिघांनी विचारलं. दोन्ही करून आलोय म्हणून लिहितो.

वॉटर्लू म्हणजे १८ जून १८१५, नेपोलियनचा शेवटचा पराभव. एक घोळ आधीच सांगतो, वॉटर्लू गावात लढाई झालीच नाही, तिथे नेपोलियनविरुद्धच्या मित्रसैन्याचा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन याचा मुक्काम होता. मैदान आहे दक्षिणेला, त्यामुळे ब्रसेल्सहून ट्रेनने जाणार असाल तर वॉटर्लूला न उतरता ब्रेन-लालू स्टेशनला उतरा. मी आधी वॉटर्लूलाच उतरलो, तासभर फुकट गेला.

सगळ्यांच्या फोटोत दिसतो तो सिंहाचा टेकाड, २२६ पायऱ्या. वरून नकाशा छान कळतो, पण तो टेकाड रचायला माती त्याच मैदानातली उपसली, म्हणजे वेलिंग्टन ज्या चढाच्या आडोशाने लढला तो चढच बराचसा गायब. दम लागत असेल तर सोडून द्या, फार काही बिघडत नाही.

पण उगोमों चुकवू नका. विटांचं हे शेतघर दिवसभर फ्रेंचांना घेऊ दिलं नाही म्हणून मित्रसैन्याची उजवी बाजू टिकली. उत्तरेच्या फाटकातून काही फ्रेंच आत घुसले होते आणि ब्रिटिश गार्ड्सनी अंगाने रेटून ते फाटक परत बंद केलं, तिथे उभं राहिलं की कळतं की फाटक म्हणजे आपल्या वाड्याच्या दिंडी दरवाजाएवढंच, काही किल्ल्याचं महाद्वार नाही. बागेच्या भिंतीत बंदुकीसाठी पाडलेली भोकं अजून आहेत, मी एकातून बाहेर बघितलं तर पुढे नुसतं गवत, आणि पोटात गोळाच आला. मुख्य घर जळून गेलं, छोटं चॅपल वाचलं. आतल्या लाकडी येशूच्या मूर्तीचे पाय जळलेत, आग तिथेच थांबली म्हणतात. ही मूर्ती २०११ मध्ये चोरीलाही गेली होती, नंतर सापडली.

ला-ए-सेंट हे दुसरं शेतघर रस्त्याला लागूनच आहे, पण खाजगी, बाहेरूनच बघायचं.

आता आस्पर्न. मे १८०९ मध्ये ऑस्ट्रियाचा सेनापती आर्चड्यूक कार्लने नेपोलियनला इथे दोन दिवसांत मागे रेटलं, कारण डॅन्यूबवरचा पूल ऑस्ट्रियन लोकांनी नदीच्या वरच्या अंगाने प्रवाहात सोडलेल्या वस्तूंनी पुन्हापुन्हा तुटत होता आणि फ्रेंचांची कुमक पलीकडेच अडकली. दोन्हीकडचे मिळून सुमारे ४० हजार मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले, नेपोलियनचा सेनापती मार्शल लानही त्यातच गेला. आज हे गाव व्हिएन्नाने गिळलंय, मेट्रो आणि पुढे बस पकडून पोचता येतं. चर्चसमोर शिल्पकार फेर्नकोर्नने केलेला मरणारा दगडी सिंह आहे (वॉटर्लूचा सिंह ऐटीत उभा, हा बिचारा आडवा, आणि जिंकलेला तर हाही!), शेजारच्या एसलिंग गावात फ्रेंचांनी शेवटपर्यंत राखलेलं जाड भिंतींचं धान्याचं कोठार आहे. म्युझियम छोटं आहे, ठराविक वेळीच उघडतं, आधी चेक करा. बाकी सुपरमार्केट आणि ट्रॅफिक. शेजारच्या लोबाऊच्या जंगलात मात्र चालायला मजा येते.

माझं मत विचाराल तर वॉटर्लूच. आस्पर्नचा खर्च जवळपास नाहीच, व्हिएन्नात असालच तर अर्धा दिवस द्या, पण त्यासाठी मुद्दाम जाऊ नका. शिवाय वॉटर्लूचा वेलिंग्टन आपल्याला अनोळखी नाही, १८०३ मध्ये जालन्याजवळच्या असईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला वेलस्ली तो हाच, आणि म्हातारपणी स्वतःची सगळ्यात चांगली लढाई म्हणून त्याने वॉटर्लू नाही, असईच सांगितली.

आणि पाऊस पडून गेला असेल तर बूट जाड घाला. आदल्या रात्रीच्या पावसाने भिजलेली जमीन वाळेपर्यंत नेपोलियनही सकाळभर थांबला होता, मी पांढरे स्नीकर्स घालून निघालो.