पाऊसमान विचारून दगड देणारे बेळगावचे फरशीचे दुकान

घर कोणत्या तालुक्यात बांधता आहात, असा प्रश्न फरशीच्या दुकानात सहसा कोणी विचारत नाही. रंग कोणता आणि बजेट किती, एवढ्यावरच बोलणे आटोपते. बेळगावबाहेर खानापूर रस्त्याला असलेल्या एका जुन्या दुकानाचे मालक मात्र दगड दाखवण्याआधी गाव आणि तिथले पाऊसमान विचारून घेतात. जांबोटीजवळच्या आमच्या घराचे जोते व अंगण आणि अथणी तालुक्यातील बहिणीच्या घराची ओसरी, अशी दोन्ही कामे त्यांच्याकडूनच झाल्यामुळे या प्रश्नामागची त्यांची जाण किती पक्की आहे, हे मला पाहता आले.

दुकानामागच्या आवारात त्यांनी दोन काळे धोंडे मधोमध कापून ठेवले आहेत. दोन्ही दख्खनच्या बेसाल्टचे, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. एक बेळगावच्या पश्चिमेकडचा, दुसरा अथणीकडचा. पहिल्याला बाहेरून बोटभर जाडीची तांबूस साल आहे, ती नखाने खरवडली तरी भुगा निघतो. आतला गाभा मात्र निळसर काळा आणि टणक आहे. दुसऱ्याची साल जेमतेम दिसते.

हा फरक घडवला तो मुख्यतः हवामानाने. पावसाचे पाणी हवेतला, आणि त्याहून अधिक मातीतला, कार्बन डायऑक्साइड शोषून घेते व त्याचे सौम्य कार्बोनिक आम्ल बनते. हे आम्ल फेल्डस्पार, पायरॉक्सीन अशा खनिजांमधून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवून नेते आणि मागे चिकणमाती उरते; उष्णतेने या क्रियेला वेग येतो आणि रानातला कुजणारा पाला आम्लात भर घालतो. मलप्रभेचा उगम जिथे होतो त्या कणकुंबीच्या, म्हणजे आमच्या जांबोटीकडच्या, पट्ट्यात अथणीच्या कित्येक पट पाऊस पडतो. पाणी असे सतत झिरपत राहिले की सिलिकाही (वाळूतला मुख्य घटक) हळूहळू निघून जाते, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे तेवढी राहतात आणि लाखो वर्षांनी त्याच काळ्या दगडाचा जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड, होतो. बेळगावजवळच्या बोकनूर-नावगे भागातले बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज, ही त्याच प्रक्रियेची पुढची अवस्था आहे. अथणी-रायबागकडे वर्षाचा पाऊस साधारण 600 मिलिमीटरच्या आसपास. तिथे सुटलेला कॅल्शियम वाहून न्यायला पाणीच पुरत नाही, म्हणून काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात.

हे सारे लक्षात घेऊनच त्यांनी आमच्या जोत्याला जांभ्याचा चिरा सुचवला. पावसाने विरघळून जावे असे जांभ्यात फारसे काही शिल्लक नसते, हा त्यांचा मुद्दा मला पूर्णपणे पटला. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो व उघड्यावर वाळल्यावर कठीण होतो, त्यामुळे त्यांनी आवारात वाळवून ठेवलेलाच माल दिला. अंगणाला मी शहाबादी फरशी मागितली होती. त्यांनी तिच्या तुकड्यावर पातळ आम्लाचा एक थेंब टाकला, तो लगेच फसफसला, आणि हा चुनखडीचा दगड तुमच्या पावसात उघड्यावर घालू नका, असे सांगून घडीव काळा दगड दाखवला. अथणीच्या ओसरीला मात्र त्यांनी शहाबादीच दिली. ती ॲसिडने कधीही धुवायची नाही, हे बजावून सांगितले. हा सल्ला फार मोलाचा आहे, कारण काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला गवंडी सर्रास ॲसिडच ओततात.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. ग्रॅनाइटला कधीच काही होत नाही, असे ते ठामपणे सांगतात. घराच्या आयुष्यापुरते ते खरे आहे, पण ग्रॅनाइटमध्येही फेल्डस्पार असतो आणि दमट हवेत दीर्घकाळाने त्याचीही माती होते. टिकून राहतो तो मुख्यतः त्यातला क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचे खनिज. शिवाय तो सालीचा धोंडा दाखवताना, ती साल धरायला किती प्रदीर्घ काळ लागला हेही त्यांनी सांगायला हवे, नाहीतर आपल्या पायऱ्या काही वर्षांतच तशा होतील, अशी भीती गिऱ्हाइकाला वाटते.

भाव इतरांपेक्षा थोडा चढा आहे. चिऱ्यांची गाडी ऐन पावसात, ठरल्यापेक्षा उशिरा आली आणि कोपरे उडालेले चिरे बदलून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा फोन करावा लागला. तरीही घाटमाथ्याकडे घर बांधणाऱ्याने आधी याच दुकानात जावे, असे मी आग्रहाने सांगेन. चिरा घेताना तो मधून फोडून आतला पोत पाहावा आणि माल कोणत्या गावच्या खाणीचा आहे, हे पावतीवर लिहून घ्यावे. मागितल्यास ते लिहून देतात.