आठ महिन्यांनंतर: ६५ वॅटचा पीओई स्विच चार ॲक्सेस पॉइंटना पुरतो का?

वापराची जागा पुण्यातल्या सदाशिव पेठेतली तीन मजली अभ्यासिका. जिन्याखालच्या कपाटात ८ पोर्टचा पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच वीजही देणारा; छताला चार वायफाय-६ ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी उपकरणं. खोक्यावर ‘३० वॅट प्रति पोर्ट’ छापलंय ते खरंच आहे; पण सगळ्या पोर्टना मिळून ६५ वॅटच.

ॲक्सेस पॉइंट क्लास ४चे, म्हणजे ८०२.३एटी (पोर्टमागे ३० वॅटपर्यंतचं पीओई मानक) मागणारे. पहिल्या दिवशी दोनच सुरू झाले. कारण स्विच क्लास बघून वीज राखून ठेवत होता: दोघांचे ६० वॅट अडकले, तिसऱ्याला नकार. प्रत्यक्षात एकेक जण ७ ते १२ वॅटच खातो. सेटिंग ‘प्रत्यक्ष वापराप्रमाणे’ केल्यावर चारही चालले. अभ्यासिका गच्च भरलेली असतानाही एकूण आकडा ४५च्या पुढे गेलेला नाही. पोर्टचा अग्रक्रम मात्र ठरवून ठेवा. बजेट ओलांडलं की खालच्या अग्रक्रमाचं पोर्ट आधी बंद होतं, ते कुठलं हे आपण ठरवलेलं बरं.

पोर्टला १५.४ वॅटची मर्यादा घाला, असा सल्ला मिळतो. तो मानू नका. ॲक्सेस पॉइंट मग ८०२.३एएफ या जुन्या, कमी विजेच्या मानकावर, म्हणजे वायरीतली घट धरून १२.९५ वॅटच्या हिशोबाने चालतो. दिवा लागतो, नेटवर्कचं नाव दिसतं, पण आतून रेडिओची ताकद कमी केलेली असते. नेट रेंगाळतं आणि बोल इंटरनेटवाल्याला बसतो.

सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या मजल्याने खाल्ला. सकाळी सुरळीत, संध्याकाळी दर दहा-पंधरा मिनिटांनी रीस्टार्ट. स्विच आधी १० व्होल्टच्या आत, अगदी कमी करंटवर पलीकडे पीओई उपकरण आहे का हे तपासतो. खराब जोड तिथे पास होतो. गर्दी वाढून करंट वाढला की त्याच जोडावर व्होल्टेज पडतं. तपासणी सोपी: तोच ॲक्सेस पॉइंट खाली आणून २ मीटरच्या पॅच कॉर्डवर एक संध्याकाळ चालवायचा. टिकला तर दोष वायरीत. इथे लिंकही १०० एमबीपीएसवर उतरली होती, म्हणजे वायरीतल्या तारांची एखादी जोडी सुटलेली. तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी: तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ५५ मीटरमध्ये नुसत्या तारेच्या रोधाने एवढं बिघडत नाही. ही तार क्रिंपमध्ये, म्हणजे कनेक्टरच्या दाबलेल्या पकडीत, सैल पडते, तुटते. नवा कनेक्टर तीन आठवडे टिकला. शेवटी शुद्ध तांब्याची कॅट-६ ओढली, तेव्हापासून एकही रीस्टार्ट नाही.

इंजेक्टर (एकाच वायरीत वीज घालणारा वेगळा डबा) घ्यायला तापकीर गल्लीत गेलात तर ‘पीओई’ एवढ्यावर पैसे देऊ नका, ‘८०२.३एटी’ छापलेलं बघा. २४ व्होल्टच्या पॅसिव्ह इंजेक्टरवर हे ॲक्सेस पॉइंट सुरूच होत नाहीत. ४८ व्होल्टचा पॅसिव्ह तर पलीकडे काय आहे हे न विचारता वीज सोडतो, चुकून साधा प्रिंटर जोडला तर पोर्ट जळू शकतो.

स्विचला पंखा नाही आणि तापमानाची मर्यादा ४० अंशांची. एप्रिलच्या आधी कपाटाच्या दाराला जाळी बसवून घ्या.