बारा शनिवारचा शिक्षक वर्ग: बसून आलो, त्याचा अभिप्राय

जय ख्रिस्त. मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे, तेवीस वर्षं झाली. रविवारी उपासनेला मागून तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसतो. ती जागा आधी वडिलांची होती. मंडळीत कुणी "भाऊ, संडे स्कूल घ्या" किंवा "बुधवारची प्रार्थना चालवा" म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं: याकोबाचं पत्र, तिसरा अध्याय, पहिलं वचन. पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, शिक्षकाचा न्याय जास्त कडक होणार. हे वचन मी इतक्यांदा पुढे केलंय की बायको म्हणते, तुमच्या बायबलात तेवढंच एक पान मळलंय.

तिनेच मला न विचारता बायबल शिकवायला शिकवणाऱ्या या वर्गाला माझं नाव दिलं. फी सहाशे रुपये, त्यात वही आणि दर शनिवारी चहा-बिस्कीट. वेळ चार ते साडेसहा. आम्ही एकोणीस जण होतो: दोन नर्स, एक रिक्षावाले, कॉलेजच्या पोरी, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि मी. शिकवायला निवृत्त शाळामास्तरीण. त्यांना सगळे नुसतं "बाई" म्हणतात. वर्ग कुठल्या मंडळीचा ते लिहीत नाही, कारण पुढे कुरकुरही करणार आहे.

पहिल्या दिवशी बाईंनी फळ्याला हातही लावला नाही. एकेकाला विचारलं, गेल्या वर्षभरात देवाच्या वचनातलं काय कुणाला समजावून सांगितलंत? माझी पाळी आली तसा मी याकोबाला पुढे केलं. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. पुष्कळांनी होऊ नये असं लिहिलंय, कुणीच होऊ नये असं नाही. आणि पुढचा अख्खा अध्याय जिभेवर आहे. शिकवत नाही म्हणून तुमची जीभ ताब्यात आहे का, भाऊ?" बायको तिथे नव्हती हे नशीब. त्या आठवड्याचा गृहपाठही तोच: बोलून पस्तावलो अशी वाक्यं सात दिवस लिहून काढायची. माझी मंगळवारपर्यंतच दोन पानं भरली, त्यातलं निम्मं एका ट्रेनीला उद्देशून होतं. बाईंनी वह्या गोळा केल्या नाहीत. "तुमचं तुम्ही वाचा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या शनिवारी इब्री लोकांस पत्र, पाचव्या अध्यायाचा शेवट. एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं, पण तुम्हालाच पुन्हा मुळाक्षरं शिकवायची वेळ आली आहे, तुम्हाला अजून दूधच लागतं, जड अन्न नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि दर वेळी मला दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा आठवायचा. त्यातला 'सराव' हा शब्द मात्र मी कधी नीट पाहिलाच नव्हता. प्रौढ कोण, तर सरावाने ज्याला बरं-वाईट ओळखता येतं तो. हे माझ्या धंद्यातलंच निघालं. ट्रेनीला ड्रॉइंग कितीही समजावा. गो-नोगो गेज (नग मापात बसतो की नाही एवढंच सांगणारं साधन) त्याच्या हातात देऊन दोनशे नग तपासायला लावल्याशिवाय त्याचा हात तयार होत नाही. पहिले काही दिवस तो चांगला नग बाद करतो आणि बाद नग पास करतो. वर्गात हे बोललो तर बाई म्हणाल्या, मग तुम्ही एवढी वर्षं नुसतं ड्रॉइंगच बघत बसलात.

या वर्गाचं खरं वैशिष्ट्य हेच की तिसऱ्याच आठवड्यात गेज हातात देतात. मला पाठ घ्यायला पाठवलं देवळाली गावातल्या एका घरगुती प्रार्थनेला. खोलीत अकरा माणसं, बाई मागे चपलांजवळ बसलेल्या. विषय उधळ्या पुत्राचा: धाकटा पैसे उडवून घरी परततो, बाप मेजवानी देतो आणि थोरला रुसून बाहेरच थांबतो. म्हटलं, हे तर झोपेतही सांगेन, आणि सांगितलंही छान. संपल्यावर पुढे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "दादा, पण तो थोरला, तो आत गेला का जेवायला?" मी ताडकन म्हणालो, "गेला की आजी! बापाने एवढं समजावल्यावर जाणारच." आजींनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

बाईंनी चारचौघांत एक अक्षर काढलं नाही. बाहेर स्कूटरपाशी आल्यावर हळूच विचारलं, "गेला, हे कुठे लिहिलंय?" मी तिथेच दिव्याखाली लूक 15 उघडलं. बाप बाहेर येऊन विनवणी करतो, बोलतो आणि अध्याय तिथेच संपतो. थोरला आत गेला की अंगणातच उभा राहिला, एक शब्द नाही. चाळीस वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. वर आजींना मी मनचंच सांगून मोकळा झालो होतो. पुढच्या शनिवारी बाईंनी प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय घेतला: अपुल्लो फर्डा वक्ता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक. प्रिस्किल्ला आणि अक्विला त्याला सभास्थानात खोडत नाहीत, आपल्याकडे नेऊन नीट समजावतात. तेव्हा स्कूटरपाशी का बोलल्या ते कळलं.

एक शनिवार शरणपूरचा. आपल्यातले बरेच जण शरणपूर रोडवरून रोज जातात, पण 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने ही वसाहत वसवली हे कितीजणांना माहीत असतं? गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे राहून शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन याच्या पार्थिवासोबत 1874 मध्ये इंग्लंडपर्यंत गेला. बाईंनी जास्त वेळ दिला तो विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड आणि इश्माएल सेमलर यांना. नाशकात शिकून ते मोम्बासाजवळच्या राबईला गेले आणि तिथे स्वतः शिकवू लागले. मग तीमथ्याचं दुसरं पत्र, 2:2. पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि त्यांनी शिकवलेले इतर, अशा एका वचनात चार पिढ्या आहेत. बँकवाले काका डोळे पुसत होते. मी खिडकीकडे बघत होतो.

आता कुरकुर. वही इंग्रजीवरून केलेली आहे आणि ते पानोपानी कळतं. शेजारधर्माचं उदाहरण काय, तर शेजाऱ्याच्या दारातला बर्फ फावड्याने साफ करून देणे. निफाडचा पारा कितीही उतरला तरी आपल्यावर ती वेळ येत नाही. अक्षर इतकं बारीक की चाळिशी ओलांडलेल्या आम्हा सगळ्यांचे हात लांब. हॉलचा मधला पंखा गरगर कमी आणि खडखड जास्त करतो. एका शनिवारी बाहेरून पाहुणे वक्ते आणले, त्यांनी पाऊण तास आपल्या परदेशवारीत घालवला.

आणि शेवटचा समारंभ. शाली, पुष्पगुच्छ, फोटो, दीड तास. प्रमाणपत्रावर छापलंय, 'आत्मिक परिपक्वता अभ्यासक्रम उत्तीर्ण'. बायकोने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "उत्तीर्ण? मला विचारलं होतं का कुणी?" सध्या ते कपाटात रेशनकार्डाखाली आहे. हा शब्द तेवढा बदलावा असं मी आयोजकांना लेखी कळवलंय, अजून उत्तर नाही.

तरी पाचपैकी चार तारे देतो, आणि चारही बाईंचे. देवळाली गावातला बुधवार आता माझ्याकडे आहे. पहिल्याच बुधवारी मी आजींना सांगितलं की थोरला आत गेला हे मी माझ्या मनचं सांगितलं होतं, तसं लिहिलेलं नाही. "मला वाटलंच," त्या म्हणाल्या. गेल्या आठवड्यात योना संदेष्टा घेतला. तो आपला भोपळीच्या वेलावरून रुसून बसलेला, आणि देव विचारतो, एवढ्या मोठ्या निनवे शहराची मी कीव करू नये का? आजी लगेच, "मग तो काय म्हणाला?"

"लिहिलेलं नाही, आजी."

"याचंही नाही?" त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि नातीला ते पान पुन्हा वाचायला लावलं.

जाणाऱ्यांसाठी: आपलं मोठ्या अक्षरांचं बायबल आणि पेन्सिल न्या. पंख्याखाली बसू नका. सेकंड शिफ्टवाल्यांनी बारा शनिवारांचं सुपरवायझरशी आधीच बोलून ठेवा, माझे दोन शनिवार तिथेच बुडाले.